दोघींची एक

"मॅडम, तुमची बहीण सिस्टीममध्ये नाहीच. तुम्हीच आहात," काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

ताईला तापाच्या ग्लानीतच आत नेलं होतं. एकाच माणसाच्या दोन नोंदी हुडकून त्यांची एक करायची, या संशोधनावर माझी अख्खी कारकीर्द उभी आहे. हे हॉस्पिटलही माझीच पद्धत वापरतं. आणि ताई माझी हुबेहूब जुळी बहीण, दहा मिनिटांनी मोठी. जन्मतारीख एक, पत्ता एक, वर आईने हौसेने नावंही एका अक्षराच्या फरकाची ठेवलेली. कॉम्प्युटरने ठरवलं, ही एकच बाई!

दोन नोंदींत तफावत आली तर नवी खरी धरायची, हा नियमही माझाच. गेल्या महिन्यात इथे तपासणी झाली होती ती माझी. म्हणून स्क्रीनवर लिहिलं होतं: पेनिसिलिनची ॲलर्जी नाही.

ताईला आहे. लहानपणी त्याच्या एका इंजेक्शनने ती मरता मरता वाचली होती.

"तिला कोणतं औषध देताहेत?"

"डॉक्टरांना विचारा. ओरडू नका."

"ओरडू नको तर काय गाणं म्हणू?"

मी जिन्याकडे धावले. वॉर्डचं दार ढकललं. नर्सने मला पाहिलं, मग खाटेवरच्या ताईकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्ही इथे... मग ही कोण?"

तिच्या हातातली सिरिंज रिकामी होती.