सुटे बोर्ड

फिनलंडमधल्या ओउलूच्या या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत बावीस वर्षं शिकवतेय मी, आणि खरं सांगायचं तर आता वैतागलेय. मुलामुलीची जोडी लावली की मुलगा सर्किट बोर्ड ओढून घेतो आणि मुलगी अहवाल लिहायला बसते. दरवर्षी हेच.

साइमीचंही तसंच झालं. तिचा जोडीदार एएलिस सूचनांचा कागद न वाचताच वायरी खुपसायचा. सत्रात त्यानं तीन बोर्ड जाळले. पोरं टाळ्या पिटायची, मलाही हसू यायचं. बोर्ड का जळला, ते साइमी लिहायची. इतकं नेटकं की मी ते वर्गात वाचून दाखवायचे. गुण दोघांना सारखे.

परीक्षा मात्र एकेकट्याची. बोर्डात मी एक दोष घालून ठेवते. दीड तासात तो दुरुस्त होऊन बोर्डावरचा दिवा लागला तर पास, नाहीतर शून्य. आईच्या आजारपणात साइमीची दोन वर्षं गेली होती आणि शिकायची मुदत मे महिन्यात संपत होती. या परीक्षेत नापास झाली की पदवीवर पाणी सोडायचं.

एएलिसचा पहिला बोर्ड दहा मिनिटांतच धूर सोडून गेला. "गेला बिचारा," म्हणत त्यानं टेबलावरच्या, तोच दोष घातलेल्या सुट्या बोर्डांतला एक उचलला. अर्ध्या तासात त्याचा दिवा लागला.

साइमीनं हात वर केला. इथे मुलं शिक्षकांनाही नावानंच हाक मारतात. "मर्यूक्का, ही वायर काढून बघू?"

"परीक्षेत मला बोलता येत नाही, माहितीये ना तुला."

"नुसती मान हलव ना."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. काय करणार?

वेळ संपली. तिच्या बोर्डाला हातही लागला नव्हता. शेजारी चार पानं होती: दोष कुठला, कशामुळे, उपाय काय. सगळं बरोबर.

"अगं, वायर चुकीच्या खाचेत आहे हे कळलं होतं तुला. मग हलवली का नाहीस?"

"बोर्ड जळला असता तर?"

"जळू दे की. सुटे अठरा पडलेत तिथे."

"ते घेतलेले चालतात, हे मला कुणी सांगितलंच नाही."

सांगितलं तर एएलिसलाही नव्हतं. त्यानं उचलला आणि मी काही बोलले नाही, एवढंच. मला स्वतःचीच चीड आली.

मी वायर योग्य खाचेत बसवली. दिवा लागला. साइमीनं पेन काढून चौथ्या पानाखाली लिहिलं, 'उपाय बरोबर ठरला', आणि पानं नीट जुळवून माझ्या हातात दिली. नियमाप्रमाणे मी त्यांवर शून्य लिहिलं.