फौजदारणीची पिल्लं

कामोठ्याच्या रो-हाऊसमध्ये राहायला आल्यापासून सयाजी पिसाळांना एकच दुःख होतं. करायला काही नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी म्हणून पोती उचलली होती. निवृत्त झाल्यावर मुलानं, इंद्रजितनं, त्यांना मागं बाग असलेलं हे घर घेऊन दिलं आणि स्वतः बायकोबरोबर सीवूड्सला चौदाव्या मजल्यावर राहायला गेला. बाग म्हणजे बारा बाय पंधराचा तुकडा. त्यात एक कढीपत्ता, एक शेवगा आणि धुण्याच्या पाण्यावर माजलेला अळू. महिनाभरात सयाजींनी ती माती इतक्या वेळा खालीवर केली, की अळूच्या पानांनी माना टाकल्या.

मग एका लग्नाला ते मेढ्याकडच्या आपल्या गावी गेले आणि येताना एसटीनं तीन गावरान कोंबड्या घेऊन आले. बायकोला, प्रेमलाला, त्यांनी आधी काही सांगितलं नव्हतं. पाटीवरचं फडकं काढल्यावर तिनं आधी कोंबड्यांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, आणि एवढंच विचारलं, की ह्या सगळ्या आता आपल्याजवळच राहणार का. सयाजींनी बाजारातल्या ओळखीच्या गाळ्यावरून लाकडी खोकी आणली आणि दोन दिवसांत भिंतीला लागून खुराडं उभं केलं. दाराला गोणपाटाचा पडदा लावला. कोंबड्यांना नावं ठेवायची नसतात असं त्यांचं म्हणणं होतं. तरी आठवडाभरात एक काळी झाली, एक तुरेवाली झाली, आणि तिसरी, जी पहिल्याच दिवशी त्यांच्या चपलेवर चोच मारून गेली, तिला ते फौजदारीण म्हणू लागले.

घरात सगळं मार्गी लागलं, पण शेजारी मांजर होतं.

शेजारी कासिमभाई आणि शकिलाबाई राहत. दोघंही मूळचे म्हसळ्याचे. कासिमभाईंचं पनवेलला हार्डवेअरचं दुकान होतं आणि शकिलाबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडं बुंदी नावाची पिवळी-पांढरी मांजर होती. कोंबड्या आल्याच्या दुसऱ्या सकाळी बुंदी दोन घरांमधल्या भिंतीवर येऊन बसली आणि पाय पोटाखाली घेऊन, सिनेमाला आल्यासारखी, खाली बघू लागली.

सयाजींनी त्याच दिवशी शेजारी जाऊन आगाऊ तक्रार केली. मांजर बांधून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. शकिलाबाईंनी त्यांना बसवलं, सरबत दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "सयाजीभाऊ, तिनं अजून काही केलंय का?"

"न्हाई. पन करनार."

"मग केलं की या," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं मुलांच्या तक्रारी ऐकून त्यांचा तो आवाज घट्ट झाला होता. सरबत चांगलं होतं, ते संपवून सयाजी घरी आले.

त्या दिवसापासून पहारा सुरू झाला. सकाळी चहा झाला की सयाजी हातात वेताची काठी घेऊन बागेत बसत. चार दिवस मांजर भिंतीवर, माणूस खाली, असंच चाललं. पाचव्या दिवशी बुंदी उतरली. सयाजी काठी सावरून उठणार, तोवर फौजदारीण मान पुढं काढून तरातरा चालत गेली आणि तिनं मांजरीच्या नाकावर एकच टोच मारली. बुंदी आली त्याच्या दुप्पट वेगानं भिंतीवर परत गेली. फौजदारीण वळली आणि जणू काही घडलंच नाही अशी माती उकरू लागली. सयाजींचा हात काठीसकट वर तसाच राहिला होता.

दुपारी जेवताना त्यांनी प्रेमलाला सांगितलं, की मांजर आली होती, पण आपण हाकलली. प्रेमलानं त्यांच्या ताटात आमटी वाढली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाग चांगली दिसते, एवढंच ती म्हणाली.

त्या टोचेनंतर दोन्ही बाजूंचं काय ठरायचं ते ठरलं. कोंबड्या धूळ अंगावर उडवत बसल्या, की बुंदी हाताच्या अंतरावर ऊन खात पडायची. कण्यांच्या डब्याशी घुशी यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. फौजदारीण दाणे टिपत टिपत मांजरीच्या शेपटीपर्यंत यायची, तेव्हा बुंदी शेपूट उचलून बाजूला घ्यायची. हे सगळं सयाजींच्या डोळ्यांसमोर घडत होतं, पण त्यांना ते पटत नव्हतं. ती डाव धरून बसलीय, असं ते म्हणत.

म्हणून अंडी कमी व्हायला लागली तेव्हा त्यांना वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. रोज तीन मिळायची, ती कधी दोन, कधी एक मिळू लागली. आठ दिवस त्यांनी दम धरला आणि मग शेजारी गेले. आता तर तिनं केलं होतं.

शकिलाबाईंनी याही वेळी बसवलं. त्यांनी नुकताच रव्याचा केक केला होता, त्याचे दोन तुकडे पुढं ठेवले. सयाजींनी खात खात आरोप सांगितला. मांजर अंडं खाते, तर टरफल कुठं टाकते, असं बाईंनी विचारलं. तेही खात असणार, सयाजी म्हणाले. बाईंनी मान हलवली, चौकशी करते म्हणाल्या आणि तिसरा तुकडा वाढला. केक फारच मऊ झालाय, असं सयाजींनी मोकळ्या मनानं कबूल केलं. कासिमभाई मात्र अचानक उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ खोकत राहिले.

घरी येऊन त्यांनी प्रेमलाला केकचं कौतुक सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे खांदे हलायला लागले. आधी त्यांना वाटलं रडतेय.

"अवो, तुमच्याच अंड्यांचा हाय त्यो," ती शेवटी म्हणाली. "भिंतीवरनं रोज एक-दोन मीच देते. मंग तुमी गेल्या बुधवारी दोनदा मागून खाल्ली ती कोलंबी काय आकाशातनं पडली?"

सयाजी दोन दिवस शेजारच्या घरासमोरून गेले नाहीत. दूध आणायलाही लांबच्या रस्त्यानं गेले. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून कोलंबीचा डबा आला, तेव्हा तो त्यांनी स्वतःच हात लांब करून घेतला.

उन्हाळा लागला आणि फौजदारीण खुडूक झाली. अंडी घालणं बंद करून ती खोक्यात पंख फुगवून बसली आणि कोणी जवळ गेलं की घशातून गुरगुरू लागली. घरात कोंबडा नव्हता, तेव्हा पिल्लं निघायचा प्रश्नच नव्हता. प्रेमलानं तिच्याखालची सगळी अंडी काढून घेतली, तर ती रिकाम्या पेंढ्यावर बसली. पेंढा काढला, तर लाकडावर बसली. गावाकडचे उपाय सयाजींना ठाऊक होते. त्यांनी तिला बादलीतल्या गार पाण्यात बुचकळून काढलं. ती निथळत निथळत गेली आणि त्याच जागी बसली. एक दिवस तिला टोपलीखाली झाकलं, तर ती टोपलीखाली उबवायला बसली. शेवटी सयाजींनी हात टेकले. ते सकाळ-संध्याकाळ पाण्याची वाटी आणि मूठभर दाणे तिच्यापुढं नेऊन ठेवू लागले.

त्याच सुमारास बुंदीचं पोट दिसू लागलं आणि एक दिवस ती दिसेनाशी झाली. शकिलाबाईंनी कपाटं पाहिली, गच्चीवरची टाकी पाहिली, कासिमभाईंच्या स्कूटरचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं. विणीची वेळ जवळ आली होती आणि गल्लीत एक दांडगा बोका फिरत होता, त्याची त्यांना धास्ती होती. सयाजी भिंतीपलीकडून म्हणाले, की गेली असंल कुठं, आपल्याला काय त्याचं. मग चप्पल घालून फिरायला म्हणून निघाले आणि गल्लीतल्या प्रत्येक गाडीखाली वाकून पाहून आले. असं वाकायचं नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाण्याची वाटी घेऊन खुराड्याशी गेले आणि त्यांनी गोणपाट बाजूला केलं. फौजदारीण नेहमीपेक्षा उंच बसली होती. तिच्या मागं, खोक्याच्या कोपऱ्यात, बुंदी अंग चोरून पडली होती आणि तिनं डोळे अर्धवट मिटले होते. सयाजींना वाटलं, झालं, घात झाला. तेवढ्यात कोंबडीच्या पोटाखालून बारीक आवाज आला. त्यांनी हात पुढं केला, तर फौजदारणीनं मनगटावर रक्त येईल अशी टोच मारली. त्या झटापटीत तिचा पंख उचलला गेला आणि खाली तीन पिल्लं दिसली. आंधळी, ओलसर, उंदराएवढी. एक पिवळं, दोन ठिपक्यांची.

सयाजी तिथंच मातीत बसले. वाटी कलंडून पाणी सांडलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. कोंबडीनं पंख परत खाली घेतला आणि पिल्लांचे आवाज थांबले. आठवडाभर ही बिचारी रिकाम्या लाकडावर बसली होती आणि आपण तिला पाण्यात बुडवलं, हे आठवून त्यांचा चेहरा उतरला.

मग ते भिंतीशी गेले. हाक मारताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

"भाभी, जरा येता का? तुमची मांजर आमच्याकडं हाय."

"काय केलं तिनं?" पलीकडून आवाज आला. त्यात काळजी होती.

"तिनं न्हाई वो. आमच्या कोंबडीनंच केलंय," सयाजी म्हणाले. "तुमची पिल्लं घेऊन बसलीया. आनि द्यायला तयार न्हाई."

शकिलाबाई आल्या, पाठोपाठ प्रेमला आली. तिघंही खुराड्यासमोर ओळीनं उकिडवी बसली. पिल्लं उचलून घरी न्यायचा शकिलाबाईंचा विचार होता. पण फौजदारणीनं त्यांचा हातही लागू दिला नाही आणि बुंदीलाही काही घाई दिसत नव्हती. ती थोड्या वेळानं उठली, अंग ताणलं, भिंतीवरून आपल्या घरी जाऊन मांदेली खाऊन आली, परत येऊन पिल्लांना पाजलं. तेवढा वेळ कोंबडी बाजूला सरकून उभी राहिली आणि पाजणं संपताच पुन्हा वर बसली. फुकटची दाई मिळाल्यावर कोण बाई सोडेल, असं प्रेमला म्हणाली.

पुढचे दोन महिने सयाजींचा पहारा चालूच राहिला, फक्त आता तो बोक्यावर होता. दुपारची झोप त्यांनी सोडली. पिल्लांचे डोळे उघडले, तेव्हा त्यांनी सीवूड्सला फोन करून इंद्रजितला ते ऑफिसच्या वेळेत सांगितलं. पिल्लं चालू लागल्यावर फौजदारणीनं त्यांना शिकवायला घेतलं. ती माती उकरून गांडूळ काढायची आणि कुटकुट करून त्यांना हाका मारायची. तिघं धावत यायची, गांडूळ हुंगायची आणि तिच्या शेपटीशी खेळायला लागायची. ती पुन्हा उकरायची. पिवळं पिल्लू मात्र धुळीत अंग घोळायला शिकलं आणि सयाजींना त्याचा फार अभिमान वाटला.

मग वाटण्या झाल्या. एक पिल्लू शकिलाबाईंची मुलगी मुस्कान घेऊन गेली, एक त्यांच्या जुन्या सहकारी जयमालाबाईंनी नेलं, आणि पिवळं कासिमभाईंनी दुकानात नेलं, उंदरांसाठी. शकिलाबाईंनी सयाजींना आधी विचारलं होतं, तुम्हाला हवंय का एखादं. मांजर पाळणाऱ्यातला मी न्हाई, असं ते ठासून म्हणाले होते.

त्या संध्याकाळी फौजदारीण बागभर फिरत कुटकुट करत राहिली. अळूत पाहिलं, डब्यामागं पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सयाजींना जेवण गेलं नाही. कोंबडीची दशा बघवत नाही, असं ते प्रेमलाला म्हणाले. तर मागून घ्या की परत, ती म्हणाली. पण बोललेला शब्द गिळायला त्यांना आणखी तीन दिवस लागले.

सहाव्या दिवशी ते पनवेलला कासिमभाईंच्या दुकानात गेले. खुराड्याला कडी बसवायची होती, म्हणाले. कासिमभाईंनी सहा प्रकारच्या कड्या काउंटरवर मांडल्या. सयाजींनी एकीकडंही पाहिलं नाही. ते रंगाच्या डब्यांच्या मागं वाकून बघत होते. कासिमभाईंनी काही न विचारता एक रिकामं खोकं घेतलं, त्यात पिवळं पिल्लू ठेवलं, वर कडी ठेवली आणि म्हणाले, "पिसाळभाऊ, कडी बसली नाही तर परत आणा. हे मात्र परत घेणार नाही."

खोकं मांडीवर घेऊन सयाजी रिक्षानं घरी आले आणि सरळ बागेत गेले. पिल्लू फौजदारणीसमोर ठेवून ते मागं सरले. तिनं मान तिरकी करून त्याच्याकडं पाहिलं. पिल्लू ओळखीनं तिच्या पोटाखाली शिरायला गेलं, तर तिनं त्याच्या डोक्यावर सणसणीत टोच मारली आणि चालती झाली. त्याच सकाळी, दोन महिन्यांनी, तिनं अंडं घातलं होतं. आता तिला कोणी नको होतं.

पिल्लू सयाजींच्या पायाशी येऊन बसलं. ते पायजमा सोडेना आणि सयाजींनी पाय हलवला नाही. प्रेमला खिडकीत होती. कोंबडीला बरं वाटलं का, असं तिनं विचारलं. सयाजी म्हणाले, तिला जरा येळ लागंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आयुष्यात कधी एकटे मासळी बाजारात न गेलेले सयाजी पिसाळ कोळणीसमोर उभे होते आणि काटा मऊ असलेली बारकी मासळी कोणती, ते हळू आवाजात विचारत होते. कुणासाठी, असं तिनं विचारलं. घरात ल्हान हाय एक, ते म्हणाले. तेव्हा मागून कोणीतरी सांगितलं, की मांदेली घ्या, पण डोकी काढून, आणि पहिले दोन दिवस उकडून. सयाजींनी वळून पाहिलं. पिशवी घेऊन शकिलाबाई उभ्या होत्या. चेहरा अगदी मुख्याध्यापिकेचा होता, फक्त तोंडावर पदर धरला होता.

"किती घिऊ?" सयाजींनी विचारलं.

"अर्धा किलो घ्या," त्या म्हणाल्या. "बुंदीपण हल्ली तुमच्याकडंच जेवते."

सयाजींनी मुकाट्यानं अर्धा किलो मांदेली घेतली.