पाठीवरचे ठिपके

हे लिहिणारच नव्हतो. यात माझं काम एवढंच: शर्ट काढायचा, उशी पोटाशी धरायची आणि वाकून बसायचं. बाकी सगळं पाठ करते, आणि ती तर मला दिसतही नाही.

शनिवारी हॉस्पिटलच्या लाँड्रीतलं काम आटपलं की मी ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीत जातो. भूल द्यायला शिकणारे डॉक्टर माझ्या कमरेत मणक्यांमधली, भुलीची सुई द्यायची फट शोधतात. सुई नाही, नुसता शोध. माझी पाठ गुबगुबीत, हाडं पटकन हाताला लागत नाहीत, म्हणून सरावाला झकास. पेनाने खुणा करतात, म्हणून माझं नाव पडलं फळा.

"आला का फळा? वाक. मांजरासारखी पाठ कर," त्यांना शिकवणारे सर म्हणाले.

त्यांचे हात उबदार. कमरेच्या हाडांवर दोन्ही पंजे टेकवून त्यांनी अंगठे मधोमध आणले, दाबून पाहिलं आणि ठिपका काढला.

"ही तिसऱ्या-चौथ्या मणक्यातली फट. अख्खी नोकरी या बोटांवर काढली. सोनोग्राफीचं मशीन बंद पडल्यावर काय कराल?"

"आणि बोटं बंद पडली तर, सर?" कासव म्हणाला.

सगळे हसले. कासव म्हणजे माझा मित्र. शिकाऊ डॉक्टर, प्रत्येक काम सावकाश करणारा. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसतो तो तेवढा एकच.

त्याने गार जेल लावलं. सोनोग्राफी मशीनचा दांडा कमरेच्या खालच्या हाडापासून वर सरकवत एकेक मणका मोजला. थांबला. पुन्हा खालून मोजायला लागला.

"सर, तुमचा ठिपका एक फट वर आहे."

आता कोणी हसलं नाही. अजून वर गेलं की मज्जारज्जू, तिथे सुई लागली तर पाय जाऊ शकतात. एवढं ऐकून ऐकून मलाही कळतं. सरांनी दांडा हातात घेतला, स्वतः मोजलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सोमवारी फळ्याचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, त्याला मशीन लावूनच भूल द्यायची. सुई तू दे, कासवा."

मशीनवर बघून सुई द्यायची परवानगी तो कधीपासून मागत होता. त्याचे कान लाल झाले.

"तुझ्यासोबत कोण आहे रे?" सरांनी मला विचारलं. "घरचं कोणी नसेल तर पुन्हा तारीख पुढे जाईल."

"भाऊ येतोय."

सगळे गेले. कासव मागे राहून जेल पुसत होता.

"फळ्या, यातले काही ठिपके आजचे नाहीत."

"हं."

"गेल्या शनिवारचे आहेत. त्याच्याही आधीचा एक दिसतोय, पुसट."

"माझा हात नाही पोचत तिथे."

तो स्पिरिटचा बोळा घेऊन घासत राहिला. बराच वेळ.

"भाऊ कुठून येतोय?"

मी उशी घट्ट धरली. हल्ली चादरींचा गठ्ठा उचलला की जांघेत गोळा बाहेर येतो. हाताने आत ढकलायचा आणि पुढचा गठ्ठा उचलायचा. अजून एक तारीख गेली तर कामच जाणार.

"नाही येत कोणी. भाऊच नाहीये."

"बरं." बोळा थांबला नाही. "मग सुई सर देतील, मशीन लावून. मी बोलतो त्यांच्याशी."

"आणि तू?"

"मी सुट्टी टाकतो. डॉक्टर आणि घरचा माणूस एकाच वेळी कसा होऊ? बाहेर बसेन. सुई देताना पेशंटला समोरून धरायला कोणीतरी लागतं, तेवढ्यापुरता आत येईन."

"अरे, पण तुझी सुई?"

"पाठी काय, पुष्कळ मिळतील."

मी उशी बाजूला ठेवली. त्याने शर्ट माझ्या खांद्यावर टाकला आणि समोर येऊन उभा राहिला.

"एक ऐक. इथे कोणी कितीही जोरात दाबलं तरी तू 'बरंय' म्हणतोस. सोमवारी ते चालणार नाही. दुखलं, पायात चमक आली, तर लगेच सांगायचं. मोठ्याने."

"सांगेन."

"नक्की?"

"नक्की. ओरडेन मी."