मी, तळघरातल्या बायकांचा स्पीकर

मित्रांनो, मशिदीच्या तळघरात भिंतीवर टांगलेली ही चौकोनी लाकडी पेटी म्हणजे मी. घसा बसलेला एक जुना स्पीकर. तुम्ही म्हणाल, स्पीकरने दुसऱ्याचं बोलणं ऐकवायचं, त्याला स्वतःचं असं सांगण्यासारखं काय असणार? मलाही तसंच वाटायचं. पण मध्यंतरी जे घडलं, त्याने माझी बोलतीच बंद झाली. मी अजून सावरलेलो नाही. सांगताना थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. सुताराने प्लायवूडच्या फळ्या चिकटवून माझं अंग केलं. आत कागदाचा काळा पडदा, त्यामागे तारेचं वेटोळं आणि एक जडशीळ लोहचुंबक बसवलं. पहिल्यांदा अंगात वीज आली तेव्हा मी एवढ्या जोराने खाकरलो, की शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईच्या हातून स्क्रू पडला. सगळे हसले. मला मात्र वाटलं, वा, काय आवाज लाभलाय आपल्याला! थोडी फुशारकी माझ्या स्वभावात आहे, ती तेव्हापासूनच.

तिथून मी या मशिदीत आलो. आधी मला वरच्या मोठ्या दालनात जागा मिळाली. उंच खिडक्या, पंखे, पायाला गुदगुल्या होतील असा गालिचा. कितीतरी वर्षं मी तिथे इमामसाहेबांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. पुढे सडपातळ, चकचकीत स्पीकरांची जोडी आली आणि माझी रवानगी तळघरात झाली. तिथे बायका नमाजाला बसत. मी काही दिवस चांगलाच रुसलो होतो.

रुसण्यासारखी जागाच होती ती. छत एवढं बुटकं, की उंच बाईने हात वर केला तर पाण्याच्या पाइपाला लागावा. एका बाजूला गुंडाळलेल्या फाटक्या सतरंज्या, मोडके पंखे, रंगाचे रिकामे डबे. आणि कोपऱ्यात, मित्रांनो, मयत न्यायची लोखंडी खाट उभी करून ठेवलेली. बायकांची जागा आणि अडगळीची जागा एकच कशी? पण कुणी काही बोलत नव्हतं, म्हणून मीही गप्प बसलो.

खरं सांगू, खाली मला जेवढं प्रेम मिळालं तेवढं वर कधीच मिळालं नाही. वर सगळ्यांच्या नजरा इमामसाहेबांकडे. खाली इमामसाहेब दिसतच नाहीत. नमाजासाठी ज्या दिशेला तोंड करतात नेमक्या त्याच भिंतीवर मी, त्यामुळे बायका माझ्याकडे तोंड करून बसायच्या. मी नुसता खरखरलो तरी कान टवकारायच्या. मी तर फुगूनच गेलो. वाटायचं, इथला इमाम मीच!

माझी धूळ पुसायची ती आपा. सगळ्या तिला आपाच म्हणत. दिवसा ती औषधांच्या दुकानात काम करायची, संध्याकाळी याच तळघरात मुलींना पठण शिकवायची. वाचन दांडगं, आणि कुणापुढे शब्द गिळायची सवय नाही. माझ्या अगदी खाली बसायची ती अम्मीजान, म्हणजे इमामसाहेबांची आई. तिचे गुडघे कामातून गेलेले, त्यात रक्तदाब. घरचे खुर्चीवर बसून नमाज पढ म्हणत, पण जमिनीला कपाळ टेकल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. "माझ्या पोराचा आवाज आहे हा," ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. "जरा नाकात येतो, पण तो या डब्यामुळे."

हे मला फार लागायचं. इमामसाहेब खरोखरच नाकात बोलतात, मित्रांनो.

आता त्या शुक्रवारचं सांगतो. जमातीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायच्या नमाजात सगळं इमामांच्या आवाजावर चालतं. त्यांनी "अल्लाहु अकबर" म्हटलं की वाकायचं, पुन्हा म्हटलं की उठायचं. त्या दिवशी माझ्यातून "अल्लाहु अकबर" ऐकू आलं आणि सगळ्या बायका सज्द्यात गेल्या, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून. तेवढ्यात माझा जीवच गेला. वर उशिरा आलेल्या एका माणसाच्या पायात माझी तार अडकून निघाली होती, हे मागाहून कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की मला तोंड उघडता येत नाही.

बायका वाट पाहत राहिल्या. वर छतावर धपधप झालं, पुरुष उठले. इथे जिन्याचं दार बंद, कुणाला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. एकीने हळूच मान वर केली आणि घाबरून पुन्हा खाली घातली. एक उभी राहिली. दुसरी बसली. मागे कुणाला तरी रडू फुटलं. अम्मीजान मात्र हलली नाही. पोराने अजून उठायला सांगितलं नव्हतं ना. तिच्या पाठीचा थरथराट मला वरून दिसत होता, आणि मी नुसता बघत होतो. माझ्या अंगात वीज असती तर ओरडलो असतो.

आणि मग आपाचा आवाज आला. मोठा, ठणठणीत. "अल्लाहु अकबर!"

सगळ्या एकदम उठल्या. आपा म्हणत गेली, बायका करत गेल्या, आणि नमाज पुरी झाली. पण अम्मीजान उठलीच नाही. ती सज्द्यातूनच एका कुशीवर कलंडली. ओठ काळेनिळे, डोळे अर्धवट मिटलेले. आपाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, कुणी पाणी आणलं, कुणी तळपाय चोळले.

जिन्यावर पावलं वाजली. मला हायसं वाटलं. म्हटलं, आली बाबा मदत! दारात सदरसाहेब उभे होते, मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष. रागाने लाल झालेले.

"कुणाचा आवाज होता तो?" ते म्हणाले. "वरपर्यंत बाईचा आवाज आला! पुरुष नमाजात होते!"

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. त्यांच्या पायाशी म्हातारी बाई पडली होती, आणि हे विचारत होते आवाजाचं!

"माझा होता," आपा म्हणाली. "वरचा आवाज खाली यायचा बंद झाला होता. काय करायचं होतं आम्ही? तसंच पडून राहायचं?"

"वाद घालू नकोस."

"सदरसाहेब, आम्हाला वरच्या दालनात शेवटच्या रांगेत उभं राहू द्या. पैगंबरसाहेबांच्या मशिदीत बायका त्याच छताखाली उभ्या राहायच्या, मध्ये भिंतसुद्धा नव्हती. अल्लाच्या दासींना अल्लाच्या घरापासून अडवू नका, असं त्यांनीच सांगितलंय. आम्ही नवीन काय मागतोय? आमचं होतं तेच मागतोय."

"आवाज पोचावा म्हणून हा स्पीकर लावून दिलाय ना?" सदरसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणखी काय पाहिजे तुम्हाला? बास झालं. पुढच्या शुक्रवारी इमामसाहेब वरून जाहीर करतील. बायकांनी आपापल्या घरी नमाज पढायची. हे तळघरही बंद."

ते गेले. अम्मीजानला बायकांनीच उचलून डॉक्टरकडे नेलं. मित्रांनो, माणसं म्हणतात पायाखालची जमीन सरकली. मला तर पायच नाहीत, पण त्या दिवशी माझा खिळा सरकल्यासारखं झालं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी या बायकांची सेवा करतोय. आणि त्यांना वर न घ्यायची सबब कोण? मी! स्पीकर आहे ना, मग वर कशाला? हा धक्का मला पचता पचेना.

मधल्या दिवसांत मला दुरुस्त करायला वायरमन आला. कारण काय, तर मशीद आपल्याला बंद झाल्याचं बायकांना नीट ऐकू जायला हवं! तो भलत्याच घाईत होता. आता एक घरातली गोष्ट सांगतो. स्पीकर आणि माइक हे चुलतभाऊ. आत तोच पडदा, तेच वेटोळं, तेच लोहचुंबक. वर आवाज मोठा करणारं यंत्र असतं, त्याच्या एका भोकात तार घातली की आम्ही बोलतो, दुसऱ्या भोकात घातली की आम्ही ऐकतो. वायरमनने माझी तार माइकच्या भोकात खुपसली, "झालं काम" म्हणाला आणि तपासून न बघताच गेला.

शुक्रवार उजाडला. तळघर कधी नव्हे इतकं भरलं, जिन्याचं दारही लागेना. दुखणं जरा ओसरताच अम्मीजानही आली होती. या वेळी तिला खुर्चीवर बसवलं होतं, बरोबर माझ्याखाली. मी गप्प, त्यामुळे सगळ्यांना वाटलं इमामसाहेब अजून यायचेत.

आपा म्हणाली, "मी येत नाही उद्यापासून. माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांचं यायचं बंद होणार असेल, तर माझी माफी मागायची तयारी आहे."

"माफी?" अम्मीजान म्हणाली. "कसली माफी? तू नसतीस तर मला त्या खाटेवरूनच नेलं असतं. लांब न्यायलाही नको, कोपऱ्यातच तर ठेवलीय."

अम्मीजान बोलत राहिली. "माझा मुलगा वर उभा राहून एवढ्या लोकांना शहाणपण सांगतो. लोक म्हणतात, बोलताना त्याचे डोळे भरून येतात. मी कधी पाहिलंच नाही गं. त्याला पहिला शब्द मी शिकवला. पहिला सज्दा मी शिकवला. आणि तो इमाम झाल्यापासून मी त्याला या डब्यातूनच ओळखते."

ती बोलत असतानाच वर कुणीतरी यंत्र सुरू केलं असावं, कारण मला अंगात काहीतरी उलटं वाहिल्यासारखं वाटलं. आणि मग जिन्यातून, वरच्या त्या चकचकीत जोडीतून, अम्मीजानचाच आवाज घुमत खाली आला. "डब्यातूनच ओळखते."

बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. "या अल्ला, वर ऐकू जातंय!" कुणीतरी ओरडलं. "तार ओढा! आपा, तार ओढा!"

आपाने हात वर केला. तिची बोटं माझ्या तारेवर आली. एक हिसका दिला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. तिने तार धरली आणि धरूनच ठेवली, पण ओढली नाही.

"काय झालं?" अम्मीजानने विचारलं.

"अम्मीजान, तुमचं बोलणं वर ऐकू जातंय. सगळ्यांना."

म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. मग तिने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. "त्यालाही?"

"त्यांनाही."

"बेटा," ती मला म्हणाली, म्हणजे त्याला म्हणाली. "तुला जे जाहीर करायला सांगितलंय ना, ते करायचं असेल तर कर. पण खाली येऊन, माझ्याकडे बघून कर."

मग जिन्यावर पावलं. आपा अम्मीजानच्या पुढे येऊन उभी राहिली, सदरसाहेबच असणार म्हणून. पण दारात इमामसाहेब होते. त्यांनी या खोलीत कधीच पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी बुटकं छत पाहिलं, पाइप पाहिले, रंगाचे डबे पाहिले. मग त्यांची नजर आईच्या खुर्चीवर आली आणि तिच्या मागे उभ्या केलेल्या खाटेवर जाऊन थांबली.

"अम्मी," ते म्हणाले, "तू इथे बसतेस?"

एवढंच. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. अम्मीजान टक लावून बघत राहिली.

मागून सदरसाहेब धापा टाकत आले. "इमामसाहेब, ते जाहीर करायचं राहिलं."

"करतो की," इमामसाहेब म्हणाले. त्यांनी वाकून आईची एक बाजू धरली. "दुसरी बाजू तुम्ही धरा," ते आपाला म्हणाले. "आणि बाकीच्या सगळ्यांनी वर चला. शेवटच्या रांगा रिकाम्या करायला सांगतो, हेच जाहीर करायचंय."

बायका वर गेल्या. काही पुरुष उठून निघून गेले, त्यांच्या चपलांची आदळआपट मला ऐकू आली. बरेचसे थांबले. मी रिकाम्या तळघरात एकटा होतो आणि मला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाही मला धक्काच बसला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण सदरसाहेबांनी पुन्हा बैठक बोलावलीय. बायकांना खालीच बसवू, हवं तर नवे, मोठे, उत्तम स्पीकर आणू, एक पडदाही लावू, त्यावर इमामसाहेब दिसतील, असं ते म्हणतात. काही लोकांना ते पटायलाही लागलंय.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. माझ्या वयाच्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची धूळ पुसा, आम्हाला टाकून देऊ नका. मी तसं म्हणणार नाही. मला दुरुस्त करू नका. माझ्या जागी नवाही आणू नका. आणि आवाज पोचतो तेवढं पुरे म्हणून कुणाला कुठे खाली बसवलेलं दिसलं, तर त्यांना वर बोलवा. गुडघे दुखत असतील, तर जिना चढायला हात द्या.