अडीचशे शब्दांत न बसलेलं वाक्य

प्रकल्पाच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “अडीचशे शब्द, तुमचा आवाज, तुमचे फोटो. तीन मिनिटांचा व्हिडिओ. जे घडलं ते नर्सेसना तुमच्याच तोंडून ऐकू द्या.” न्यूमोनियातून उठलेल्या मुलांच्या आम्ही सहा आया. आजारी मूल दवाखान्यात उशिरा का पोचतं, हे मॅडमना आमच्या गोष्टींतून शोधायचं होतं.

माझं लिहून झालं ते चारशे शब्द. मग कापत बसले. माझ्या बाळीचं हसू ठेवलं, ऑक्सिजनची नळी ठेवली, माझं रडणं तर ठेवलंच. शेवटी दहा शब्द जास्त उरले आणि मी नेमकं एक वाक्य उचलून टाकलं: “आई दुपारी फोनवर म्हणाल्या, आत्ताच ये, मी म्हटलं, उद्या बघू.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. ऑफिसात त्या दिवशी आभाळ कोसळलं नव्हतं. महिन्याचा अहवाल द्यायचा होता, एवढंच.

आता व्हिडिओत उरलं ते असं: मी कामावर होते, बाळी दिवसभर आजीजवळ होती, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे ओठ निळे पडले. वर आईंचा फोटो.

दाखवायच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “तोंड उघडं असलेला फोटो नाही ना घातलास? बोळकं दिसतं गं.”

“छान दिसताय, आई.”

हॉलमध्ये तीसेक नर्सेस होत्या. आई बाळीला मांडीवर घेऊन पहिल्याच रांगेत. व्हिडिओ संपला, दिवे लागले आणि मागून एक नर्स म्हणाली, “आजीबाईंच्या भरवशावर टाकलं की हे असंच. घरचे उपाय करत बसतात.” कुणीतरी हसलं. आईंनी मान वर केली नाही. बाळीचा मोजा नीट करत राहिल्या. मोजा नीटच होता.

मी उभी राहिले. ते गाळलेलं वाक्य बोलले.

मॅडम गोंधळल्या. “हे गोष्टीत का नव्हतं?”

“बसत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.”

त्या नर्सनं जीभ चावली. मॅडम आईंकडे वळल्या, “आजी, तुमचंही रेकॉर्ड करायचं का?”

आईंनी बाळीला माझ्याकडे दिलं. “करा. पण ही बाहेर थांबेल. समोर असली की मी जपून बोलते.”

बाहेरच्या बाकावर मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडी सगळ्या शिव्या घालून पाहिल्या. एकही जास्त वाटली नाही.

दहा मिनिटांनी त्या आल्या.

“माझ्याबद्दल काय सांगितलंत?”

“तुझं तू सांगितलंस की. मी माझं सांगितलं. दवाखाना गल्लीच्या टोकाला, माझे पाय धड, पोर कडेवर. तरी तुला विचारत बसले.”

“का, आई?”

“चल, तिची झोपायची वेळ झाली.”

न्यूमोनियाच्या दोन महिने आधी साध्या सर्दीसाठी त्यांनी बाळीला मला न विचारता डॉक्टरकडे नेलं होतं. तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. ते त्यांनी आत सांगितलं की माझ्यासाठी गाळलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.