वीज गेल्यावरची हवा

माझा जुना मित्र चनबसप्पा, त्याच्या पत्राला मी पाच महिने उत्तर दिलं नव्हतं. वैरागहून त्यानं लिहिलं होतं, 'पेन्शनीत निघाल्यापासून घरीच सायकली रंगवतो. ब्रशाचे ओरखडे राहतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं. हवेच्या दाबानं रंग फवारायला छोटा कॉम्प्रेसर घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ? तू शाळेची लायब्ररी सांभाळलीस, तुला माहीत असणार.' तळाशी एक ओळ होती, 'इथं वीज मात्र दिवसातून दोनदा तरी जाते.'

मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून वाचत बसलो. दाब, अश्वशक्ती, टाकीची मापं, सगळं वहीत उतरवलं. वाचावं तशी भीती वाढत गेली. माझ्या शब्दावर त्यानं भलतंच यंत्र घेतलं तर?

परवा माझी बायको पार्वतम्मा एका लग्नाहून आली ती हसतच.

"चनबसप्पाण्णा भेटले होते. अजून ब्रशच मारतायत."

"कॉम्प्रेसर घेतला नाही?"

"म्हणतात, मास्तरचं पत्र येऊ दे की. तुमची वही कधी मिटायची अन् त्यांनी कधी घ्यायचा?"

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मानसिंगच्या यंत्रांच्या दुकानात गेलो. घरच्या विजेवर चालणारे दोनच कॉम्प्रेसर होते. एकाची मोटार मोठी, टाकी बादलीएवढी. दुसऱ्याची मोटार लहान, टाकी चांगली हंड्याएवढी. मला मोठ्या मोटारीचा पटत होता. मी प्रश्न विचारत राहिलो.

"मास्तर, घ्यायचाय की मॅट्रिकला बसवायचाय त्याला?" मानसिंग म्हणाला. तरी त्यानं दोन्ही हवेनं भरून दाखवले. मी वेळ टिपून घेत होतो, तेवढ्यात वीज गेली.

"झालं! आता उद्या या."

मला पत्रातली तळाची ओळ आठवली. माझ्या वहीत ती कुठंच नव्हती.

"आत्ता रंग मारून बघता येईल का?" मी चाचरत विचारलं.

"वीज कुठंय, मास्तर?"

"नाही, म्हणूनच."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि एक जुना मडगार्ड शोधून आणला. बादलीएवढ्या टाकीनं तो अर्धा रंगवला आणि मग ती थेंब थुंकायला लागली. हंड्याएवढीनं उरलेला रंगवला, उलटून दुसरी बाजूही रंगवली.

"असं गिऱ्हाईक लई दिवसांनी बघितलं," मानसिंग म्हणाला. मी कानापर्यंत लाजलो.

घरी येऊन उत्तराचा कच्चा मसुदा केला. चार पानं झाली.

"त्यांना सायकली रंगवायच्यात, पोथी वाचायची नाही," पार्वतम्मा म्हणाली आणि माझ्यापुढे पोस्टकार्ड ठेवलं.

'मोठ्या टाकीचा, लहान मोटारीचा घे. भरायला वेळ लागेल, पण वीज गेली तरी हातातला मडगार्ड पुरा होईल. उशिराबद्दल हवं तेवढं रागव.'

कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड सोडलं आणि लगेच वाटलं, अश्वशक्ती लिहायला हवी होती. पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहिली. लागलं नाही. गेलं होतं.