हरण्याचा खांदा

राजमतीचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. राजमती म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, आण्णाची सून. ती उगीच फोन करणारी नाही.

"आत्ती, मामंजी ताटात हात घालीनात," ती म्हणाली. "भरवलं तरच जेवत्यात. म्हनत्यात, जनावर पाटी हुंगतंय तसं चाचपडत मी जेवनार न्हाय."

आण्णाचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले त्याला वर्ष होत आलं होतं. दृष्टी परत येणार नाही हे त्याने मान्य केलं होतं. पण डोळ्यांचं काम हातांना सांगायची त्याला लाज वाटायची. भिंत धरणार नाही, काठी घेणार नाही. बाहेरच्या सोप्यात दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसून राहायचा. बसून बसून बोटं आखडत चालली होती.

"आनि आत्ती, बेंदूर आला. यंदा बैल कुंभाराकडनं आनू का?"

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा. आमच्या माहेरी त्या दिवशी पुजायचे मातीचे बैल विकत आणायची रीत नव्हती. ओढ्याची काळी माती आणून आण्णाच करायचा, लहानपणापासून.

"आनू नको," मी म्हटलं. "मी घेऊन येते."

फोन ठेवला आणि मग विचार केला. मला आमचा हरण्या आठवला होता. पांढराशुभ्र खिलार बैल, माझ्या शाळेच्या वयातला. वाटलं, आण्णाच्या हातात हरण्या ठेवला तर त्याला ओळखायला तरी ते हात उघडतील.

पण कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर माती कुठली? माझी नात ऐश्वर्या दुकानातून एक पाकीट घेऊन आली. आत पांढरी, लोण्यासारखी मऊ माती.

"आज्जी, ही आपोआप वाळते. भट्टी नको, ऊन नको."

मी वास घेतला. वासच नव्हता. ओढ्याच्या मातीला शेवाळाचा, बेडकांचा, सगळ्या गावाचा वास असायचा. पण मळायला बरी होती. पाणी जास्त झालं की मात्र चिकट व्हायची.

पहिला बैल पोटाच्या भाराने खाली बसला.

"आज्जी, हा कुत्रा झालाय."

"कुत्र्याला शिंगं असत्यात व्हय गं?"

"मग शिंगं असलेला कुत्रा झालाय."

दुसऱ्या वेळी पायांत आणि शिंगांत खराट्याच्या काड्या घातल्या, लहानपणी घालायचो तशा. मग अंग उभं राहिलं. तोंड करायला मला काही आठवावं लागलं नाही. शाळेला जाताना रोज माझ्या तळहातावरून तो भाकरीचा तुकडा उचलायचा. लांब नाकाड, कपाळावर केसांचा भोवरा, उजव्या शिंगाचं टोक किंचित आत वळलेलं, डोळ्यांच्या कोपऱ्यात पाण्याची रेघ. ती रेघसुद्धा मी सुईने ओढली. मागचं अंग बोटाने गुळगुळीत करून सोडून दिलं.

बैल ओलसर फडक्याखाली सावलीत सावकाश वाळवला. तरी एका पायाला चीर गेली, ती ओली माती भरून बुजवली. ऐश्वर्या रंगाच्या बाटल्या घेऊन बसली होती.

"रंग कुणासाठी गं?" मी विचारलं. बाटल्यांची झाकणं लावत ती म्हणाली, "बरोबर आहे."

बेंदराच्या आदल्या दिवशी मी कागलची एसटी धरली. बैल कापसात गुंडाळून मांडीवर घेतला होता. वाटेत पाय मोडला तर असावी म्हणून उरलेली माती ओल्या फडक्यात बांधून पिशवीत ठेवली होती. पुढे वडापच्या जीपने गावात पोचले.

आण्णा सोप्यात बसला होता.

"अक्काताई व्हय? अजून पाय आपटतच चालतीस."

मी शेजारी बसले आणि बैल त्याच्या हाताला लावला. हात पालथेच राहिले.

"काय हाय?"

"बघ की."

"बघू कशानं?"

राजमती दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "बेंदराचा बैल हाय. मी केलाय. नको असला तर देव्हाऱ्यात ठेवते."

"तू? तुला कवा बैल यायचा? तुझ्या बैलाला आमी डुक्कर म्हनायचो." आणि असं म्हणता म्हणता त्याचा एक हात उलटा झाला. "आन हिकडं."

मी बैल ठेवला. आण्णाने दुसरा हात वर आणला. मी वाट बघत होते की बोटं आता कपाळावर जातील, भोवऱ्याला थांबतील. पण ती शेपटीकडे गेली. तिथून पुठ्ठ्यावर, मग पाठीच्या कण्यावरून हळूहळू पुढे, मानेपर्यंत. तिथे थांबली.

"कुनाचा बैल ह्यो?"

"आण्णा, हरण्या हाय. शिंग बघ. कपाळावरचा भोवरा बघ."

"हरण्याला भोवरा हुता?"

"हुता की! तुला ठावं न्हाय?"

"मी त्याचं तोंड कवा बघितलं गं? पहाटं जुपायचा, दिस मावळता सोडायचा. त्याचं ढुंगान बघत जल्म गेला माझा."

राजमती दारात फिसकन हसली. आण्णा मात्र हसला नाही. त्याचा अंगठा बैलाच्या मानेवर मागेपुढे फिरत होता.

"ह्याला खांदाच न्हाय. जू कुठं ठेवायचं? जुवानं एवढा घट्टा पडलावता त्याला, करवंटीगत. आनि वशिंड सरळ नव्हतं. वडून वडून डाव्या अंगाला कललंवतं."

हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला ठाऊक होता तो भाकरी खाणारा हरण्या.

"माती हाय का?" आण्णाने विचारलं.

"हाय. पर ह्यो वाळलाय, आता चिकटंल का?"

"नखानं चरे पाड, पानी लाव. सगळं मीच सांगू व्हय? बरं, आन हिकडं. राजमती, पानी आन गं वाटीत."

मातीचा गोळा त्याने आधी नाकाशी नेला. "हिला वासच न्हाय. ही माती हाय का कनीक?" पण बोटांनी काम सुरू केलं होतं. सुरुवातीला ती नीट वळेनात, एकदा वशिंड निसटून मांडीवर पडलं. आण्णाने मांडी चाचपली, धोतर चाचपलं, गोळा शोधून काढला आणि परत लावला. आपण चाचपडतो आहोत हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. राजमतीने माझ्याकडे बघितलं. मी तिला मानेनेच गप्प राहायला सांगितलं.

वशिंड कललं, घट्टा उठला. बैल एकदम कष्टाचा दिसायला लागला.

जेवणवेळ झाली. राजमतीने ताट आणलं आणि सवयीने भाकरीचा घास मोडायला बसली.

"थांब," आण्णा म्हणाला. "हात धुवू दे."

हात धुऊन त्याने बोटं ताटाच्या काठावर टेकवली. बैलाच्या पाठीवरून गेली तशीच ती काठाकाठाने गेली. "आमटी कुठल्या अंगाला हाय?"

"उजव्या," राजमती म्हणाली.

त्याला काही दिसत नव्हतं, तरी मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

चार घास झाल्यावर तो थांबला. "अक्काताई, एकच आनलास?"

"व्हय. का?"

"पाखऱ्या कुठाय? एकट्या बैलावर जू ठेवतंय व्हय कोन?"

पाखऱ्या हरण्याच्या जोडीचा बैल. जोडी करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "आता कवा करनार? उद्या बेंदूर. वाळायचा न्हाय."

"ओला पुजला तर काय मारतोय?" आण्णा म्हणाला आणि आमटीत भाकरी बुडवली. "माती झाकून ठेव. आनि पाखऱ्याचं तोंड तेवढं तू कर. मला कुठं ठावं हाय ते."